गॅरेजच्या छतावरचं बंदर

"सरक! सरक म्हणते ना! माझं जहाज अडकलंय!"

"तुझं जहाज अडकलं नाही, टाचणे, ते बुडालंय. दोन मिनिटं शांत उभी राहा आणि त्याला निरोप दे!"

"भोंग्या, तुझ्या तोंडात पाइप घालीन हं!"

ही आरमारी लढाई चालली होती मामाच्या नव्या गॅरेजच्या छतावर. गॅरेज अजून पुरतं झालंही नव्हतं. घराला लागून तीन भिंती उभ्या राहिल्या होत्या, वर स्लॅब ओतला होता, आणि पुढच्या मोकळ्या बाजूला, जिथे मोठं दार बसायचं होतं, तिथे निळी ताडपत्री टांगली होती.

आता नवा स्लॅब म्हणजे तान्हं बाळ. त्याला सतत पाणी पाजावं लागतं, नाहीतर अंगाला भेगा पडतात. म्हणून त्याच्यावर छोटे छोटे बांध घालून आळी करतात आणि त्यात पाणी तुंबवून ठेवतात. हे पाणी भरायचं काम मामाने सुट्टीला आलेल्या पोरांना दिलं होतं. पोरांना काम दिलं की त्याचा खेळ होतो, हे त्या भल्या माणसाला ठाऊक असायला हवं होतं! दुसऱ्याच दिवशी पोरांनी बांधांना भोकं पाडून कालवे काढले. सगळी आळी एकमेकांना जोडली आणि छतावर समुद्र तयार झाला. कडेच्या आळ्यात बंदर आणि मधोमध खोल समुद्र. ठेकेदाराने पाहिलं तेव्हा तो जाम चिडला होता, पण कालवे काही बुजले नाहीत.

या आरमाराचे अधिकारी तीन. पाना ही सगळ्यात थोरली. घरात दिसेल ती वस्तू उघडून बघायची तिला खोड, म्हणून मामाने हे नाव ठेवलेलं. भोंगा तिचा धाकटा भाऊ. त्याचं नाव असं का, हे तो बोलायला लागला की गल्लीच्या टोकालाही कळायचं. आणि टाचणी ही मामाची मुलगी, त्यांची मामेबहीण. बारीक, टोकदार आणि नको तिथे टोचणारी!

"अगं, पण खरंच अडकलंय," टाचणी म्हणाली. "बंदरात पाणीच नाहीये!"

पाना वाकून बघायला लागली. कडेच्या आळ्यात काल बोटभर पाणी होतं. आज तिथे नुसतं ओलसर सिमेंट दिसत होतं.

"कावळ्याने प्यायलं," भोंग्याने निकाल दिला.

"कावळा आहे की टँकर?" पाना म्हणाली. "गळत असेल कुठेतरी."

तिने खाली वाकून भिंत बघितली. भिंत कोरडी ठणठणीत! मग ती पलीकडच्या कडेला गेली. तिथलं आळंही कोरडं. आणि मधली आळी मात्र काठोकाठ भरलेली, बांधाच्याही वरून वाहू लागलेली.

पाना गप्प झाली. पाना गप्प झाली म्हणजे काहीतरी बिनसलंय, हे भोंग्याला जन्मापासून माहीत होतं.

"काय गं?"

"पाणी कधी उताराशिवाय सरकतं का?"

"नाही."

"मग दोन्ही कडांचं पाणी मध्ये का आलं?"

टाचणीने एक काडी घेतली आणि कालव्याकाठाने टोचत टोचत निघाली. कडेला काडीचं नुसतं टोक भिजलं. थोडं पुढे बोटभर भिजलं. तिने अजून पुढे पाऊल टाकलं...

"थांब!" पाना ओरडली. "टाचणे, तिथेच थांब. मध्ये जाऊ नकोस!"

"का?"

"कारण पाणी आपणहून सरकलेलं नाही. स्लॅब मध्ये खाली बसलाय!"

आणि त्याच क्षणी तिघांच्याही एकदम लक्षात आलं, की आपण त्याच स्लॅबवर उभे आहोत!

भोंग्याने पळायला पाय उचलला. पानाने त्याची कॉलर धरली. "पळायचं नाही! उडी तर अजिबात नाही! टाचणे, पाइप तिथेच सोड. हळूच मागे ये. भिंतीच्या डोक्यावरून चालायचं, एकामागे एक."

एरवी शिडी उतरताना ही पोरं वानरांसारखी उतरायची. आज म्हाताऱ्यांसारखी उतरली. खाली आल्यावर पानाने आधी नळ बंद केला. पाइपाचं दुसरं तोंड वरच राहिलं, मधल्या समुद्रात बुडालेलं.

"चला, ताडपत्रीतून बघू," ती म्हणाली. "पण आत पाऊल टाकायचं नाही. शप्पथ?"

"शप्पथ!"

ताडपत्रीची कड उचलून तिघांनी डोकी घातली. आत अंधूक निळा उजेड होता. मामाला गॅरेजच्या मध्ये एकही खांब नको होता. दोन गाड्या मजेत वळल्या पाहिजेत, बाजूला लेथ मशीन बसलं पाहिजे, असं त्याचं स्वप्न. म्हणून स्लॅब या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत एकसलग ओतलेला. तो पुरता कडक होईपर्यंत त्याला खालून टेकू हवेत, अगदी जंगलासारखे दाट. ओतला त्या दिवशी तसे होतेही. आत शिरायलाही जागा नव्हती.

आता भिंतींच्या कडेचे टेकू तेवढे उभे होते. मध्ये मोकळं मैदान! जमिनीवर टेकूंच्या पायांचे गोल ठसे दिसत होते. टेकूंच्या डोक्यावर, स्लॅबला खालून लावलेल्या लोखंडी प्लेटाही गायब. आणि त्या सगळ्या मैदानात एकच बांबू कसाबसा उभा केलेला. धनुष्यासारखा वाकलेला.

"किर्रर्र..." बांबू म्हणाला.

तिन्ही डोकी झटकन बाहेर आली.

"चोरी!" भोंगा म्हणाला, आणि हळू म्हणाला. आयुष्यात पहिल्यांदाच.

"चोर प्लेटा काढून बांबू लावून जाईल का?" पाना म्हणाली. "हे त्याचंच काम आहे. होऊन-जाईलचं."

होऊन-जाईल म्हणजे ठेकेदार. माणूस गोड, हसरा, कुणाचंही मन न मोडणारा. त्याला काहीही सांगा, उत्तर एकच. "खिडकी जरा डावीकडे घ्याल?" "होऊन जाईल!" "तीच खिडकी पुन्हा उजवीकडे?" "होऊन जाईल!" 'नाही' हा शब्द त्याने उभ्या आयुष्यात कुणाला ऐकवला नव्हता. काम मात्र होऊन जाता जाता राहून जायचं.

"मामाला फोन लाव," पाना म्हणाली.

टाचणीने घरातून आजोबांचा फोन आणून लावला. स्वयंपाकघरात फ्रिजवर काहीतरी वाजायला लागलं.

"बाबा फोन घरीच विसरलेत!"

"आणि मामी?"

"आई कामावर आहे. तिथे फोन कपाटात ठेवावा लागतो."

मग आजोबांकडे जायचं ठरलं. आजोबा ओट्यावर बुद्धिबळाचा पट मांडून स्वतःशीच खेळत होते आणि स्वतःलाच फसवत होते.

"आजोबा! गॅरेजचा स्लॅब पडणार आहे!"

आजोबांनी चष्म्यावरून बघितलं. "पुन्हा?"

इथे एक गोष्ट सांगायलाच हवी. स्लॅब ओतला त्या दिवशी भोंग्याने गंमत म्हणून "पडला! स्लॅब पडला!" अशी बोंब ठोकली होती. मजूर पळाले, ठेकेदार वाळूच्या ढिगात डोकं खुपसून आडवा झाला, आणि आजोबा एका पायात चप्पल घालून रस्त्यापर्यंत गेले. भोंग्याला त्या दिवशी जेवढं हसू आलं होतं, तेवढंच आता रडू यायला लागलं.

"या वेळी खरंच आहे हो, आजोबा!"

"मागच्या वेळीही तू अस्साच चेहरा केला होतास. बरं, ते राहू दे. तुझ्या मामाचा निरोप आलाय, दुकानातल्या फोनवरून. लेथ मशीन आजच मिळालं. ट्रकात घालून आणतोय. उघड्यावर ठेवलं तर गंजेल, म्हणून थेट आत ठेवायचं म्हणाला. चार माणसं सोबत आहेत, शिवाय तो स्वतः."

टाचणीचा चेहरा पांढराफटक पडला. "आत? म्हणजे... स्लॅबखाली?"

"मग काय झाडावर? ठेकेदारालाही विचारलं त्याने. तो म्हणाला, होऊन जाईल!"

बाबा त्या किरकिरणाऱ्या छताखाली उभे राहणार. मशीन ढकलणार. धक्का बसणार. टाचणीला पुढचं काही दिसेना.

तेवढ्यात फाटकापाशी स्कूटर थांबली आणि होऊन-जाईल स्वतःच उतरला. आज त्याचं हसू जरा तिरपं होतं.

"काका!" पाना थेट त्याच्यासमोर उभी राहिली. "मधले टेकू कुठे आहेत?"

"टेकू? ते होय? हॅ हॅ! काढले मी. आता कशाला लागतात? स्लॅब पिकला की."

"एवढ्यात? तुम्हीच मामाला सांगितलं होतंत, महिना तरी हात लावायचा नाही म्हणून!"

"सिमेंट चांगलं निघालं!"

"मग वर पाणी मध्ये का साचलंय? बांबू का वाकलाय?"

ठेकेदाराने आजोबांकडे बघितलं. "आजोबा, बघा बरं! त्या दिवशी मला वाळूत लोळवलं, आज इंजिनिअर झाले! माझा स्लॅब म्हणजे कातळ आहे. हत्ती नाचवा!"

आजोबा हसले. "पोरांनो, जा, आत जाऊन खेळा. त्याचा धंदा त्याला कळतो."

लांबून, रस्त्याच्या वळणावरून, ट्रकचा हॉर्न आला.

पानाने दोघांना कोपऱ्यात ओढलं. "ऐका. आपण कितीही ओरडलो तरी कुणी ऐकणार नाही. भोंग्याची कृपा."

"सॉरी," भोंगा म्हणाला.

"सॉरीचं लोणचं नंतर घालू. आत्ता हे त्याच्याच तोंडून वदवायला हवं. हत्ती नाचवा म्हणतोय ना? हत्ती राहू दे. त्यालाच बसवू!"

"कुठे?"

"सावलीत!"

टाचणीच्या डोळ्यांत टोक चमकलं. ती स्वयंपाकघरात पळाली. भोंग्याने ओट्यावरची लाल प्लास्टिकची खुर्ची उचलली. पानाने ताडपत्री पार बाजूला सारली आणि लांब बांबूने, स्वतः उंबरठ्याबाहेर राहून, ती खुर्ची आत ढकलली. सरकवत, सरकवत, बरोबर मधोमध. खुर्ची तिथे एकटीच उभी राहिली. शेजारी धनुष्यबांबू. किर्रर्र.

"काका!" टाचणी चहाचा कप घेऊन आली. आवाज अगदी मधात बुडवलेला. "ऊन किती आहे! जरा सावलीत बसून चहा घ्या ना. तुमच्याच स्लॅबची सावली!"

ठेकेदाराने खुर्चीकडे बघितलं. मग स्लॅबकडे. मग कपाकडे.

"मी... उभाच बरा आहे."

"असं कसं? पाहुण्याला उभं ठेवलं तर आई मला रागावेल!"

"बसलो की माझा गुडघा धरतो."

"स्कूटरवर नाही धरला तो?" भोंगा म्हणाला.

"मी चहा सोडलाय!"

"काल तर तीन कप प्यायलात!" टाचणी म्हणाली. "बशी चाटायची तेवढी बाकी होती!"

ट्रक फाटकाशी येऊन थांबला होता. जमीन थरथरली. मामा केबिनमधून उतरत होता, मागे दोरांनी बांधलेलं हिरवं लेथ मशीन, आणि त्याला धरून बसलेली माणसं. ठेकेदाराच्या कपाळावरून घामाचा ओघळ नाकावर आला. झालं, आता कबूल करतो बघा, असं पानाला वाटलं.

पण एक गोष्ट तिने हिशेबात धरलीच नव्हती. आजोबा!

"अरे, त्याला नको असेल तर नको," आजोबा उठत म्हणाले. "इतक्या प्रेमाने पोरीने खुर्ची मांडलीय, मीच बसतो. माझ्या लेकाच्या गॅरेजमध्ये पहिली बैठक माझी!" आणि टाचणीच्या हातातला कप घेऊन ते चालायलाही लागले!

"आजोबा, नको!" तिघं एकदम किंचाळली.

"तुमचं आपलं काहीतरीच!" आजोबांनी उंबरठा ओलांडला. एक पाऊल. दुसरं पाऊल. पानाचं लक्ष खुर्चीकडे गेलं. हे आपण केलं. ही खुर्ची आपण मांडली. तिने पुढे झेप घ्यायला पाय उचलला...

"नाही!!"

असा आवाज त्या अंगणात कुणी कधी ऐकला नव्हता. भोंग्याचाही असा नव्हता. तो ठेकेदाराचा होता!

"नाही, आजोबा! नाही! आत नका जाऊ! पडेल तो!"

आणि तो धावला. थेट स्लॅबखाली. आजोबांच्या कमरेला मिठी मारून त्याने त्यांना पोत्यासारखं उचललं आणि बाहेर आणून वाळूच्या ढिगावर आदळलं. कप हवेत, चहा शर्टावर.

टक्!

बांबू मोडला. वरून ताटाएवढा पोपडा सुटला आणि लाल खुर्चीवर आपटला. खुर्चीचा एक पाय वाकडा झाला आणि ती हळूच कलंडली.

ट्रकवरची माणसं, मामा, वाळूत बसलेले आजोबा, सगळे त्या खुर्चीकडे बघत होते.

"ठेकेदार," मामा अगदी हळू म्हणाला, "इतक्या दिवसांत तू मला एकदाही 'नाही' म्हणाला नाहीस. आज पहिल्यांदा ऐकतोय. टेकू कुठे आहेत?"

"दुसऱ्या साइटवर. पहाटेच नेले." ठेकेदाराची मान खाली. "त्यांचा स्लॅब उद्या ओतायचाय. टेकू आहेत का विचारलं... मी म्हटलं, होऊन जाईल. तुमच्याकडे परवा दुसरे आणून लावणार होतो, मालक. कुणाला कळलंही नसतं."

"आणि आज मी या माणसांना घेऊन आत गेलो असतो तर?"

ठेकेदाराने वाळूतला कप उचलला आणि शर्टाच्या टोकाने पुसत राहिला.

वरून पुन्हा आवाज आला. बारीक, दात खाल्ल्यासारखा.

"ट्रक मागे घ्या! हळू!" मामा ओरडला. "सगळे रस्त्यावर! वर पाणी किती आहे?"

"खूप," पाना म्हणाली. "आणि सगळं मध्येच गोळा झालंय."

"ते वजन आधी उतरवायला हवं. पण वर कुणी चढायचं नाही!"

आता वर न चढता छतावरचं पाणी काढायचं कसं? मोठी माणसं एकमेकांची तोंडं बघायला लागली. टाचणीने मात्र पाइपाकडे बघितलं.

"बाबा! पाइपाचं तोंड वरच आहे! मधल्या समुद्रात!"

"आणि नळ बंद केल्यापासून पाइप भरलेलाच आहे!" पाना ओरडली. "टाकीतून पेट्रोल काढता तुम्ही, तस्संच, मामा!"

मामाचा चेहरा उजळला. नळ भिंतीपासून लांब, फाटकाजवळ होता. टाचणीने धावत जाऊन पाइपाचं खालचं टोक नळापासून ओढून काढलं. आणि काय सांगावं! एक क्षण काहीच नाही. मग पाइप फुरफुरला आणि पाण्याची जाड धार सुटली. ती टाचणीच्या हातातून निसटून सापासारखी वळली आणि नेमकी ठेकेदाराच्या तोंडावर गेली!

"अबबब! बाजूला घ्या!"

"होऊन जाईल, काका!" टाचणी म्हणाली. पण बाजूला घ्यायला तिने जरा वेळच लावला.

पाणी वाहत राहिलं. पोरांनी काढलेले कालवे ठेकेदाराने बुजवायला लावले असते, तर एकच आळं रिकामं झालं असतं. आता सगळ्या आळ्यांचं पाणी कालव्यांतून मधल्या समुद्रात येत होतं आणि समुद्र अंगणात उतरत होता. वरची किरकिर हळूहळू कमी झाली. मग थांबली.

मामाने ठेकेदाराच्या हातात आजोबांचा फोन दिला. "टेकू. आत्ता. आणि या स्लॅबचं डिझाइन केलेल्या इंजिनिअरबाईंचा नंबर मला दे."

टेकू आले, प्लेटा आल्या, आणि बाई आल्या डोक्यावर हेल्मेटचं पिवळं टोपडं घालून. त्यांनी कुणाला आत धावू दिलं नाही. कडेकडून सुरुवात करत, एक टेकू पक्का झाल्यावर त्याच्या पुढचा, असं करत त्यांनी मधोमध यायला संध्याकाळ केली. शेवटचा टेकू बसला तेव्हा कुठे मामा पायरीवर बसला. टाचणी जाऊन त्याच्या मांडीवर बसली. ती आता मांडीवर बसण्याएवढी लहान नव्हती, पण दोघांनीही तो मुद्दा काढला नाही.

बाईंनी भेगांवर बॅटरी मारून बघितलं. "मध्ये आडवी लोखंडी तुळई टाकावी लागेल. ठेकेदारांच्या पदरचं काम आहे ते. पण गॅरेज वाचलं. उलट त्या तुळईला साखळी-कप्पी टांगून तुम्हाला इंजिनं उचलता येतील. आता मला सांगा, स्लॅब वाकल्याचं कुणाच्या लक्षात आलं? साध्या डोळ्यांना हे दिसत नाही."

"आमचं बंदर कोरडं पडलं," टाचणी म्हणाली.

बाईंनी सगळी हकिकत ऐकली. कालवे, काडी, खुर्ची, चहा. हसता हसता त्यांचं टोपडं नाकावर आलं. मग त्या एकदम थांबल्या. "खुर्चीची युक्ती नामी होती. पण पुन्हा करू नका. माणसं पटावरच्या सोंगट्यांसारखी आपल्या मनाप्रमाणे चालत नाहीत."

"मला त्याच वेळी कळलं," पाना हळूच म्हणाली.

आजोबांनी तिला जवळ ओढलं. त्यांच्या शर्टावर अजून चहाचा डाग होता आणि कानात वाळू. "चूक माझी होती, पोरी. तू मला वाकलेला बांबू दाखवत होतीस आणि मी भोंग्याची जुनी बोंब आठवत बसलो. शाबास तुम्हा तिघांना! आणि भोंग्या, तू आता सहा महिने खरंच बोलायचं. म्हणजे सातव्या महिन्यात लोक ऐकतील."

"सहा महिने?" भोंगा ओरडला, आणि पलीकडच्या घराची खिडकी उघडली.

ठेकेदार निघाला. फाटकाशी मामाने त्याला हाक मारली. "म्हाताऱ्यासाठी आत धावलास, ते विसरणार नाही. पण एक सांग. तुळई टाकून, दार बसवून, पोरांची सुट्टी संपायच्या आत गॅरेज पुरं होईल?"

ठेकेदाराचं तोंड सवयीने उघडलं. "होऊन..."

तीन पोरं कमरेवर हात ठेवून बघत होती. टाचणीच्या हातात पाइप होता.

ठेकेदाराने त्या पाइपाकडे बघितलं.

"नाही, मालक," तो म्हणाला. "नाही होणार."

असल्या उत्तरावर टाळ्या पडल्याचं तुम्ही कधी ऐकलंय? त्या अंगणात पडल्या! ट्रकवाल्याने तर हॉर्नसुद्धा वाजवला.